पाच मोजेपर्यंत

आमच्या शेजारच्या आबांना चहा दिला, की ते आधी कपाला हाताची पालथी बाजू लावत आणि एक ते पाच मोजत. हात टिकला तरच चहा तोंडाला. सत्यनारायणाच्या शिऱ्यालाही त्यांनी ही परीक्षा द्यायला लावली, भटजी बघतच राहिले.

आबा मूळचे कुरवंड्याचे. लोणावळा स्टेशनावर गाड्या तपासायचं काम त्यांचं. मी तिथेच तिकिटं देत असे. घाट उतरण्याआधी प्रत्येक चाकाजवळच्या तेलाच्या पेटीला ते हात लावत. तेल कमी पडलं की पेटी तापते आणि उतारावर पेटही घेते. "बाबू, पाच मोजंपर्यंत हात टिकला तर पेटी ठीक. न्हाईतर डबा काढा. मागनं रडून उपेग न्हाई," असं ते मला रोज बजावत, जणू गाडी मीच सोडणार होतो.

एका सकाळी त्यांनी पास केलेल्या डब्याखालून, गाडी सुटता सुटता, धूर निघाला. गार्डाने लाल निशाण दाखवलं म्हणून निभावलं. सगळ्यांनी खापर तेलावर फोडलं. आबा मात्र फलाटावर आपला हात न्याहाळत उभे होते.

त्यानंतर त्यांना पिसंच लागलं. पेट्या दोनदोनदा तपासत, गाडी खोळंबे, साहेब ओरडे. घरी आले की आमचा तवा, घंगाळ, उन्हातली पायरी, काही सोडत नसत.

"आबा, आता आमचं मांजरही पास करा," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

चार दिवसांनी आमची सहा वर्षांची सुमी शाळेतून लवकर आली. आबा दारातच होते. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून शांतपणे पाच मोजले.

"गार हाय."

माझ्या बायकोने हात लावला आणि ती किंचाळलीच, "अहो, पोर फणफणलीय!"

आबांनी आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "बाबू, हात मेल्यात माझं. दोनी. आन् मी गाड्या सोडतोय."

चार दिवस ते आपले हातच तपासत होते. मला माझ्या थट्टेची लाज वाटली. पुढची गाडी यायच्या आत ते साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून काम सोडून आले.

संध्याकाळी सुमीच्या खाटेशी वाकून त्यांनी तिच्या कपाळाला आपला गाल टेकवला. दोनवरच थांबले. "तापलंय," म्हणाले. "गालाला कळतंय अजून."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते पाचपर्यंत पोहोचले. आम्ही दोघं सुटकेचा निःश्वास टाकून उठलो, तरी आबांनी गाल उचलला नाही.