गिटारीला फुटला भाव

विजेची गिटार कशी निवडावी, हे अख्ख्या मुरूम गावात एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस म्हणजे मी! हे मी आजही छाती ठोकून सांगतो. पेठेतून जाताना जरा दबक्या आवाजात सांगतो, एवढंच.

मी गफार. मुरूमच्या बिस्मिल्लाबी ब्रास बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. बिस्मिल्लाबी म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे वारले आणि बँड त्यांनी हातात घेतला. सूर-ताल त्यांना कळत नाही, पण मिरवणुकीत कोण खरंच फुंकतोय आणि कोण नुसते गाल फुगवतोय, हे त्या ओट्यावर बसल्या बसल्या सांगतात. मला त्यांनी निकाहाच्या दिवसापासून गाल फुगवणाऱ्यांतच धरलंय. त्यात मी घरजावई! म्हणजे घरात माझी किंमत झांजेपेक्षा कमी. झांज निदान आपटली की आवाज तरी करते!

निजाम जाऊन तेव्हा वीस वर्षं होत आली असतील. त्या साली उमरग्याच्या एका बँडनं विजेची गिटार आणली आणि सगळी लग्नं तिकडं पळायला लागली. आमचे ढोल खुंटीला आणि आम्ही ओट्याला! शेवटी आमच्याच गल्लीतले बसप्पा अडतदार, ज्यांच्या घरचं एकही कार्य आमच्याशिवाय झालं नव्हतं, ते येऊन म्हणाले,

"बिस्मिल्लाबी, पोराचं लगीन काढलंय. पण औंदा उमरग्याचा बँड सांगावा म्हंतो. त्यांच्याकडं ती करंटाची गिटार हाय."

सासूबाईंनी तोंडातलं पान गिळलं. "आमच्याकडं बी येतीय, अण्णा."

"कवा?"

"तुमच्या लग्नाच्या आधी!"

बसप्पांची पाठ वळली तशी त्यांनी माझ्याकडं नजर वळवली. "गफारमियाँ, तुम्ही हैदराबादला ऱ्हायला होता न्हवं? गिटारीतलं कळतं का काही?"

"कळतं का? अम्मा, मी गिटार कोळून प्यालोय!"

खरं म्हणजे हैदराबादेत मी एका हॉटेलात कपबशा विसळायचो. तिथं रविवारी एक साहेब गिटार वाजवायचा. माझी पाठ त्याच्याकडं असायची, पण ऐकायला पाठीची काय अडचण?

दुसऱ्याच दिवशी मी आणि आमचे ढोलवाले जैनोद्दीनचाचा सोलापूरला गेलो. दुकानात गिटारी तीन. एक कलकत्त्याची 'स्टारलेट', कोरी, लालभडक. दुसरी मुंबईची 'स्वरराज', तीही कोरी, पण रंग शेवाळी. आणि कोपऱ्यात तिसरी, जुनी, 'ग्रुंडहाईम'. हिचा मूळ रंग कोणता हे दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. तिच्या वायरीला इतके जोड होते की मधे मधे थोडी वायर होती, असंच म्हणावं लागेल.

"नवी घे," चाचा म्हणाले. "बिघडली तर आणून ह्याच्या उरावर टाकता येतीय."

"चाचा, वाद्य म्हणजे लोणचं! जितकं मुरेल तितकं झकास!"

"मग ही मुरलीय का नासलीय?"

मी हसलो. अडाण्यांशी बोलताना जाणकार हसतात तसा! स्टारलेट बोटानं ठोकली आणि मान हलवली. स्वरराजचा वास घेतला आणि नाक मुरडलं. ग्रुंडहाईम उचलली, तर ती जात्याच्या तळीसारखी जड.

"वजन बघा चाचा! माल आहे माल!"

दुकानदार पुढं सरसावला. "साहेब, नजर हाय तुमची! जर्मन चीज. लढाईच्या आधीची!"

मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी साहेब म्हणालं होतं. आता ग्रुंडहाईम न घेऊन सांगतो कुणाला?

"वाजवून दाखव की रे," चाचांनी दुकानदाराला टोकलं.

"दाखवली असती चाचा, पण लाईट गेलीय."

लाईट येईपर्यंत थांबू, असं चाचांचं म्हणणं. पण जाणकाराला लाईट कशाला लागते? आम्ही गिटार घेऊन गाडीत बसलो!

घरी आल्यावर सासूबाईंनी तिला उलटी केली, सुलटी केली.

"हिला पोट कुठंय?"

"अम्मा, विजेच्या गिटारीला पोट नसतं. ती सबंध फळीच असते."

"फळीच पायजे होती तर आपल्या दाराची काढली असती की! सोलापूरला कशाला गेला?"

पडद्यामागून माझी बायको रजिया फसकन हसली. सासूबाईंचं बोलणं मी पचवतो. बायकोचं हसणं मात्र पचत नाही.

मी कंबर कसली. मोटारीची बॅटरी, आवाज मोठा करायचं मशीन आणि भला मोठा भोंगा, एवढं सगळं भाड्यानं आणून बैलगाडीवर चढवलं. आता गाडी पुढं चालणार आणि गिटार वाजवत मी मागं, मधे वायर. वायर आखूड, त्यामुळं मी खुंट्याला बांधलेल्या वासरासारखा दिसत होतो. म्हणून मी तिला आणखी वायर जोडली. मग आणखी जोडली. शेवटी चांगली दोरखंडासारखी लांब झाली! ती निसटू नये म्हणून कमरेला एक वेढा दिला.

लग्नाचा दिवस उजाडला. नवरी जळकोटची. तिचे वडील नागप्पा हे मोठे बागायतदार, आणि औंदा त्यांच्या रानात शेंगा अशा लागल्या होत्या की सांगायची सोय नाही. सोयरीक जमवताना दोन्ही व्याह्यांनी पोरीपेक्षा शेंगांची चौकशी जास्त केली होती. नागप्पांनी सगळ्या शेंगा ठरल्या भावानं बसप्पांच्याच अडतीत घालायच्या, असा शब्द झाला आणि मगच पत्रिका उघडल्या. त्यामुळं वऱ्हाडाच्या गाड्यांमागं शेंगांच्या पोत्यांच्या गाड्याही आल्या आणि मांडवाशेजारी ओळीनं उभ्या राहिल्या. नवरीला बघायला बायका गेल्या, पुरुष पोती दाबून बघायला गेले!

आमच्या गाडीचा एक बैल ऐन वेळी लंगडला. नागप्पा म्हणाले, "आमची जोडी जुंपा की!" मोठ्या मनाचा माणूस! जळकोटची ती धिप्पाड जोडी जुंपली आणि गोरज मुहूर्ताच्या बेतानं मिरवणूक निघाली.

पुढं नवरदेव घोड्यावर, मागं अडत्यांचे पांढरे फेटे. ओट्यावरून सासूबाई बघतायत. जैनोद्दीनचाचांनी ढोलावर टिपरी मारली. मी ऐटीत मान उडवली आणि पहिली तार छेडली.

भोंग्यातून एक बाई बोलली!

"नमस्कारा!"

मी दचकून मागं बघितलं. बाई कुठंच नव्हती! मी दुसरी तार छेडली. बाई कानडीतच पुढं बोलायला लागली. गुलबर्ग्याचं रेडिओ केंद्र नुकतंच सुरू झालं होतं आणि माझ्या त्या जोडाजोडाच्या वायरीनं ते हवेतून थेट ओढून घेतलं होतं, हे मला नंतर एका रेडिओवाल्यानं सांगितलं. तेव्हा मला वाटलं, लढाईच्या आधीची एखादी जर्मन बाईच आत अडकलीय!

पण जर्मन बाई बाजारभाव कशाला सांगेल? मुरूमला कानडी सगळ्यांना कळते, पेठेतली निम्मी शिवीगाळ कानडीतच चालते. त्यामुळं बाई "शेंगा दर" म्हणाली आणि सगळे फेटे एकदम भोंग्याकडं वळले. तेवढ्यात भोंगा खरखरला, खर्रर्र करून मधलं सगळं गिळून बसला, आणि शेवटचा शब्द मात्र लख्ख आला, "एरिदे!"

म्हणजे चढलाय! शेंगांचा भाव चढलाय!

"थांबवा!" नागप्पा गरजले. ढोल थांबला. घोडाही थांबला. "व्याही, तुमाला ठाऊक होतं न्हवं का भाव चढणार हाय ते?"

"मला काय सपान पडलं व्हतं?" बसप्पा उसळले. "अन् ठरलं ते ठरलं! पोरगी अन् शेंगा, दोन्ही आमची!"

"पोरगी तुमची. शेंगांचं बघू!"

"शेंगा न्हाईत तर पोरगी बी घिऊन जा!"

मला वाटलं, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. मी जोरात गाणं सुरू केलं. तर शंभर माणसं माझ्यावर ओरडली, "गाणं बंद कर! भाव लाव, भाव!"

"ओ, ही गिटार हाय!" मी कळवळून म्हणालो. "जर्मन गिटार!"

"गिटार गेली खड्ड्यात! तुरीचं काय म्हणतीय ती बाई?"

तिकडं नागप्पांनी हात उंच केला. "वळवा रे गाड्या! चला जळकोटला!"

पोत्यांच्या गाड्या वळल्या. आपली माणसं, आपल्या गाड्या आणि आपली वाट दिसल्यावर आमच्या गाडीची जोडी कशाला मागं राहते? तीही वळली आणि सुटली! वायर ताठ झाली. मी "हो हो!" म्हणेपर्यंत कमरेला असा हिसका बसला की माझा फेटा जागेवरच राहिला आणि मी तेवढा पुढं गेलो.

मग मुरूमनं कधी न बघितलेलं दृश्य बघितलं! पुढं शेंगांची पोती, त्यामागं भोंगा, भोंग्यामागं धावणारा मी, छातीशी ग्रुंडहाईम, आणि माझ्यामागं अख्खी पेठ! मला सोडवायला नव्हे हो! पुढचे भाव ऐकायला! ओट्याजवळून जाताना सासूबाई उभ्या राहिलेल्या दिसल्या. त्यांनी रजियाला हाक मारली, "बाहेर ये ग! तुझा नवरा चाललाय बघ!"

वायर ताणली गेल्यामुळं असेल, पण वेशीबाहेर आवाज एकदम खणखणीत झाला. बाईनं भाव पुन्हा एकदा वाचले. आणि ह्या वेळी मधली खरखर नव्हती.

"शेंगा दर इळिदिदे, जोळद दर एरिदे!"

शेंगांचा उतरलाय! चढलाय तो ज्वारीचा!

नागप्पांनी बैलांचे कासरे असे खेचले की पुढच्या गाडीचं जू वर आलं. मी मागून येऊन भोंग्याच्या गाडीवर तोंडघशी आपटलो. कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"व्याही!" नागप्पांचा आवाज आता लोण्यासारखा झाला होता. "शब्द म्हंजे शब्द! चला, शेंगा घालू तुमच्या अडतीत. पोरीचा मुहूर्त टळाया नको."

धापा टाकत आलेले बसप्पा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "कसला शब्द? मगाशी तुमीच मोडला की! पोरगी घेतो. शेंगांचं बघू!"

पुन्हा जुंपली! सूर्य टेकला, लग्न लावणारे लिंगायतांचे स्वामी मांडवात ताटकळले, आणि हे दोघं रस्त्यात मूठमूठभर शेंगा फोडून एकमेकांच्या नाकाखाली धरतायत! "दाणा बघा!" "भाव बघा!"

तेवढ्यात घोड्यावरून उतरून बाशिंग सावरत नवरदेव तिथवर चालत आला.

"अण्णा," तो बापाला म्हणाला, "मला बायको करायचीय. तुमाला शेंगा करायच्या असतील तर मांडव हाय, स्वामी हायत, बसा तुमीच बाशिंग बांधून!"

बायका खदाखदा हसल्या. पेठ हसली. बसप्पांनी ठरल्या भावानं शेंगा घेतल्या. अंधार पडता पडता अक्षता पडल्या. ढोल एकट्या चाचांनी वाजवला. मी मांडवामागं कमरेला हळद लावून बसलो होतो. नवरीला लावतात तीच, उरलेली!

आता सासूबाई ग्रुंडहाईम चुलीत घालतील, अशी मी मनाची तयारी केली. पण दुसऱ्या दिवशी बसप्पा चार अडते घेऊन दारात! पंचायतीचा रेडिओ सरपंचांच्या घरी दुरुस्तीला गेला होता. वर्ष झालं, तो तिथं बरा होत होता, रोज संध्याकाळी गाणी म्हणत! त्यामुळं पेठेला भाव कळायचा मार्गच नव्हता.

"बिस्मिल्लाबी, जावई पायजे आमाला. रोज सांजच्याला. ती गिटार घिऊन, भोंग्यासकट."

"न्या की!" सासूबाई म्हणाल्या. एवढ्या आनंदानं त्यांनी मला रजियालासुद्धा दिलं नव्हतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी बसप्पांच्या अडतीत पोत्यावर बसतो. मांडीवर ग्रुंडहाईम, वायर छपरावरून बाभळीपर्यंत ताणलेली. समोर अख्खी पेठ कान टवकारून. ऐकणारे एवढे, की उमरगेवाल्यांना साऱ्या हंगामात मिळणार नाहीत!

परवा मात्र मला राहवलं नाही. एवढी माणसं समोर आणि वाजवायचं नाही म्हणजे काय? मी हळूच एक तार छेडली. अगदी हळूच!

"ए गफार!" सगळी पेठ एका सुरात ओरडली, "वाजवतोस कशाला? ऐकू दे की!"