तीन किलोंचं शून्य

शनिवारी सकाळी शर्यतीच्या मैदानावर पाऊल ठेवल्यापासून काटेवाल्यांनी जावयाला प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. चाळीस वर्षं लोकांचे वजनकाटे दुरुस्त केलेला हा माणूस. कुठलंही यंत्र दिसलं की ते आतून कसं चालतं हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. जावयाची गाडी म्हणजे चार चाकं, एक खुर्ची आणि खुर्चीला चिकटून इंजिन. हिला स्प्रिंगा का नाहीत आणि एवढ्याशा गाडीला सहा गिअर कशाला, हे त्यांनी एका दमात विचारलं.

जावयाने न कंटाळता सांगितलं, की साध्या गो-कार्टमध्ये नुसता पाय दाबायचा असतो. हिच्यात गिअर हाताने बदलावे लागतात, म्हणजे एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा दांड्यावर.

"आणि क्लच?"

"तो फक्त निघताना लागतो, बाबा."

"मग बाकीचा वेळ तो काय करतो?"

 दोन वर्षं गाडी चालवूनही जावयाच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता.

जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं आणि अंगाने तो चांगला भरदार होता. म्हणूनच क्लबातले लोक त्याला 'तोळामासा' म्हणत. या शर्यतीत जो हलका तो पुढे, त्यामुळे तोळामासा दोन वर्षं नेमाने शेवटून पहिला येत होता. अखेर काटेवाल्यांच्या मुलीने निकाल दिला होता: या शनिवार-रविवारी कप आला तर ठीक, नाहीतर गाडी विकायची आणि गॅरेज रिकामं करायचं. मात्र ती अन्याय करणारी नव्हती. नवरा हलका व्हावा म्हणून तीन महिने ती त्याला उकडलेली गाजरं आणि घेवडा खाऊ घालत होती, आणि दर आठवड्याला त्याचं वजन वहीत लिहीत होती.

शनिवारची शर्यत जावयाने शेवटच्या क्रमांकाने पूर्ण केली. शर्यत संपली की प्रत्येक गाडी चालकासकट काट्यावर चढवायची, असा नियम होता. दोघांचं मिळून एकशे पंच्याहत्तर किलो भरलंच पाहिजे, कमी भरलं की बाद. सडपातळ मंडळी त्यासाठी खुर्चीला शिशाच्या पट्ट्या ठोकत आणि या काट्यावर जेमतेम एकशे पंच्याहत्तर भरेल इतकंच शिसं ठेवत. जावयाला शिशाची गरज कधी पडली नव्हती. त्याचं भरलं एकशे सत्त्याहत्तर किलो सहाशे ग्रॅम. मुलीने आकडा वहीत टिपला आणि रात्रीच्या सुपातला बटाटा कमी केला.

रविवारी दुपारी जावई डब्यातला घेवडा चावत होता आणि नजर कँटीनच्या खिडकीवर होती. काटेवाल्यांना ते बघवेना. मुलगी पाण्याच्या बाटल्या भरायला गेल्याबरोबर ते उठले आणि लोणी लावलेले चार बन व दोन केळी घेऊन जावयासकट टायरांच्या थप्पीमागे आले. पुडा हातात तोलून म्हणाले, "सातशे ग्रॅम. घ्या, लवकर आटपा."

जावयाने चार मिनिटांत सगळं फस्त केलं. ट्रॅकवर त्याने इतका वेग कधी दाखवला नव्हता.

मग काटेवाले काट्याकडे वळले. लोक काट्यावर काय चढलंय ते बघतात. यांना रिकामा काटा बघायची सवय. रिकाम्या काट्याच्या पडद्यावर तीनचा आकडा दिसत होता. त्यांनी वाकून पाहिलं. गाडी घसरू नये म्हणून कुणीतरी वर रबरी चटई अंथरली होती आणि त्यानंतर शून्याचं बटण दाबायला विसरलं होतं. काट्यावर बसणारे शाळामास्तर शेजारीच जेवत होते. काटेवाल्यांनी त्यांना सांगितलं, तर तोंडातला घास न गिळता मास्तर म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना? मग करून टाका."

काटेवाल्यांनी बटण दाबलं. शून्य आलं. त्यांना फार बरं वाटलं, आणि कुणाला काही सांगायचं असतं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

अंतिम शर्यतीत अकरा गाड्या होत्या. जावई सुरुवातीला आठवा होता, पण एका वळणावर तिसऱ्याऐवजी पाचवा गिअर पडला आणि तो अकरावा आला. गाडीतून न उतरता त्याने हेल्मेट काढलं. गाडीच्या नाकावरून तो हलकेच हात फिरवत होता. मुलीने मान फिरवली. 

पहिल्या आलेल्याची गाडी काट्यावर चढली. एकशे बहात्तर किलो चारशे. बाद. दुसरा, एकशे बहात्तर सहाशे. तोही बाद. तिसरा, चौथा, पाचवा... दहावा बाद होईपर्यंत काट्याभोवती अख्खं मैदान जमलं होतं. शेवटी जावयाची गाडी चढली. एकशे पंच्याहत्तर किलो तीनशे.

"पास," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, आणि सगळ्यांच्या नजरा चुकवत त्यांनी काटेवाल्यांकडे बोट केलं.

"शून्य मी केलं," काटेवाले म्हणाले.

"आणि आम्हाला पण शून्य केलंत," पहिला आलेला म्हणाला. "जावयासाठी काटा मारलात, काका."

काटा मारला! चाळीस वर्षांत हा शब्द कुणी त्यांना ऐकवला नव्हता. रागाने त्यांच्या कानशिलांना झिणझिण्या आल्या. त्यांनी गाडी उतरवायला लावली, चटई उचलली, शून्य केलं आणि चटई पुन्हा टाकली. पडद्यावर तीन. "दोन दिवस तुम्ही ही चटई वजनात धरून शर्यत लावताय," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा काटा खरं बोलला."

क्लबचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते. त्यांनी नियमावली दोनदा वाचली. शर्यतीनंतर काटा दाखवेल तेच वजन खरं, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं. तीन पायऱ्यांच्या चौथऱ्यावर जावई एकटाच उभा राहिला. पहिल्या आलेल्यानेच सगळ्यांत आधी टाळी वाजवली. कप छातीशी धरून जावई रडला, आणि मुलीचेही डोळे भरून आले. गाडी वाचली.

परतताना मोटारीत मुलगी मागच्या सीटवर वडिलांशेजारी वही उघडून बसली होती. 

"बाबा, काल एकशे सत्त्याहत्तर सहाशे भरलं होतं. चटईचे तीन काढले की राहिले एकशे चौऱ्याहत्तर सहाशे. म्हणजे आज हाही बाद व्हायला हवा होता."

जावयाने आरशातून सासऱ्यांकडे पाहिलं.

"रात्री सूप, दुपारी घेवडा," ती म्हणाली. "मग हे वरचे सातशे ग्रॅम आले कुठून?"

काटेवाल्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. "चार बन," ते म्हणाले. "दोन केळी. लोणी धरून."

मुलीने वहीत काहीतरी लिहिलं. मग पिशवीतून संध्याकाळचा गाजरांचा डबा काढून तिने वडिलांच्या मांडीवर ठेवला.

"त्याने कप आणलाय. त्याला आज सुट्टी. हा तुम्ही संपवायचा."

काटेवाल्यांनी डबा हातात तोलून पाहिला. चारशे ग्रॅम, तेही डब्याचं वजन सोडून.