केकसमोर हरलेली तलवार

मिरजगावात ठिबकच्या नळ्या विकणारा सहादेव खोटं बोलत नसे. खऱ्यात थोडी हवा तेवढी भरायचा. दर रविवारी तो नगरला तलवारबाजी शिकायला जाई, तीही युरोपातल्या जुन्या सरदारांची, दोन्ही हातांनी धरायच्या लांब तलवारीची. शिकवायला सिमरन मॅडम होत्या. बरेच महिने लाकडी तलवार फिरवून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता लोखंडी घ्या. मी येते निवडायला."

"तलवार पारखायला नजर लागती," सहादेवने घरी बायकोला, आरतीला सांगितलं. "मॅडम येत्यात त्या नुसत्या सोबतीला."

नगरचा परवेझ नाटक-सिनेमांसाठी जुन्या हत्यारांच्या हुबेहूब नकला बनवायचा. त्याच्या दुकानात शिरताच सहादेवची नजर भिंतीवर गेली. सिंहाच्या तोंडाची मूठ, तिच्यात लाल खडे आणि आरशासारखं पातं.

"हीच," म्हणत त्याने ती उतरवली आणि झोकात एक वार केला. मूठ हातात राहिली. पातं निसटून परवेझच्या चहाच्या किटलीला जाऊन भिडलं.

"भाऊ, ती भिंतीला टांगायची हाय," परवेझ सांडलेला चहा पुसत म्हणाला.

मॅडमनी कोपऱ्यातून एक काळपट, साधी तलवार उचलली. टोक गोल वळवलेलं, कडा जाड. भिंतीला टेकवून दाबली तर वेताच्या छडीसारखी वाकली. "सरावाला अशी हवी. टोचली तर वाकायला हवी, लागली तर कापता कामा नये. समोरच्याला परत घरी जायचं असतं."

सहादेवने ती घेतली खरी, पण चेहरा शेवटच्या पंगतीला जिलेबी संपलेल्या पाहुण्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सहादेवच्या दुकानात शेजारचा हॉटेलवाला वैजनाथ आला. कोपऱ्यातली लांब पिशवी बघून त्याने हात पुढे केला. आता याला काय सांगायचं, एवढं शिकून बोथट पट्टी आणली म्हणून? सहादेव घाईने म्हणाला, "हात लावू नका, वैजनाथराव. काल नुसती पुसाया काढली, तर फडक्याचे दोन तुकडे झाले."

वैजनाथने हात मागे घेतला. संध्याकाळपर्यंत गावात फडक्याची चादर झाली आणि कर्जतला बातमी पोचेपर्यंत चादरीची म्हैस झाली होती. सहादेवने कोणालाच दुरुस्त केलं नाही. लोक रस्त्यात थांबून रामराम घालत होते, ते त्याला आवडत होतं.

आणि नेमका वैजनाथचा वाढदिवस आला.

"केक तुझ्या तलवारीनंच कापायचा," वैजनाथ म्हणाला. "पोरं म्हनत्यात, लई भारी फोटू निघतोय."

सहादेवने मनात हिशेब केला. तलवार दिली की बिंग फुटणार. "दिली असती वो. पन केकासंगं खालचं टेबलबी जाईल, आन् टेबल तर तुमचं सागवानी."

वैजनाथला टेबल प्रिय होतं. त्याने नाद सोडला. पण ही टेबल कापणारी तलवार कोणीतरी फोनवरून पोलिसांच्या कानावर घातली. वाढदिवसाला हॉटेलात सगळे केकभोवती जमले आणि दारात जीप थांबली. फौजदार पंकजा मॅडम आत आल्या.

"सहादेव कोण? ती तलवार आणा."

आरती घरी जाऊन घेऊन आली. सहादेव फौजदारांच्या जवळ सरकला. "मॅडम, जरा बाजूला येता का?"

"इथंच बोला."

"धार न्हाई हिला," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"धार न्हाई. अजिबात न्हाई. सरावाची हाय."

"आरं, पन फडकं कापलं हुतं की," वैजनाथ म्हणाला.

"फडकं जुनं हुतं."

फौजदारांनी पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग गर्दीकडे पाहिलं. "उद्या पुन्हा फोन यायला नको. करा वार, सगळ्यांसमोर. त्या केकवर."

"मॅडम, केक माझा हाय," वैजनाथ कळवळला.

"चौकशीला सहकार्य करा."

सहादेवने देवाचं नाव घेतलं, शिकवल्याप्रमाणे पाय रोवले, दोन्ही हातांनी तलवार डोक्यावर नेली आणि जीव खाऊन खाली आणली. धप्प असा आवाज झाला. केक कापला गेला नाही, बसला. मधोमध खोल चर पडला आणि उडालेली क्रीम वैजनाथच्या मिशीवर, फौजदारांच्या टोपीवर आणि भिंतीवरच्या दरफलकावर जाऊन बसली.

फौजदार मॅडमनी टोपी काढून पुसली. "ही तलवार नाही, उलथणं आहे. पिशवीत घालून थेट क्लासला न्यायची आणि थेट परत आणायची. आणि तोंडाला जरा लगाम घाला."

जीप गेली. केकचे तुकडे पडेनात, म्हणून वैजनाथने वाट्या-चमचे मागवले आणि खिरीसारखा वाढायला घेतला. सहादेव खाली मान घालून बाकड्यावर बसला. शेजारी आरतीने तलवार मांडीवर आडवी घेतली, पात्याला चिकटलेली क्रीम बोटाने निपटली आणि चाखून बघितली.

"धार न्हाई," ती म्हणाली, "पन चव हाय."