ती नकोशी झाली

मुलीने जंगलाचा नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि बाबांनी आधी शीर्षकातली चूक दाखवली. प्राणिसंग्रहालयातले हे कारकून निवृत्त झाले असले तरी त्यांचं लाल पेन निवृत्त झालं नव्हतं. ऑफिसात त्यांना सगळे 'अनुस्वारराव' म्हणायचे, कारण जुन्या लेखनातले अनुस्वार ते अजूनही न चुकता देत.

"बाबा, वेलांटी राहू द्या. हे ठिपके बघा."

परदेशातून आणलेली बुटकी हरणं जंगलभर पसरली होती. कोवळी रोपं, रानफुलं, सगळं फस्त. अभ्यासासाठी मुलीने निवडलेल्या नऊ वनस्पतींपैकी सात आता फक्त तिच्या वहीत उरल्या होत्या.

"एकेक वर्ष मागे गेलं की ठिपके इथे येतात. सोळा वर्षांपूर्वी. तुमच्या ऑफिसच्या मागच्या फाटकापाशी."

बाबांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"एकच होती गं ती," ते म्हणाले.

"कोण?"

"हरिणी. डॉक्टरांनी खोक्यावर चिठ्ठी लावली होती. 'ती नकोशी झाली. उद्या इंजेक्शन.' मला बघवेना. जेवणाच्या सुट्टीत हातगाडीवरून खोकं फाटकाबाहेर नेलं आणि दार उचललं."

"आत किती आहेत ते बघितलं नाहीत?"

"पाठ फिरवून उभा होतो. कुणी विचारलंच, तर 'मी काही पाहिलं नाही' हे खरं सांगता यावं म्हणून."

"बाबा, हरीण नपुंसकलिंगी! ते हरीण, ती हरणं. 'ती नकोशी झाली' म्हणजे दोन असतील, दहा असतील!"

"अनेकवचन असतं तर तिन्ही शब्दांवर अनुस्वार हवा होता!" बाबा कडाडले. "तीं नकोशीं झालीं!"

"डॉक्टर जनावरांचे होते हो," आई भांडी विसळत म्हणाली, "व्याकरणाचे नव्हते."

बाबा ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिले.

"किती झाली आता?"

"चारशे बारा."

"मग त्यांचं काय करणार?"

मुलीने अहवालाचं शेवटचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. तो उद्या वनखात्याला द्यायचा होता. पानावर एकच परिच्छेद होता: जंगल वाचवायचं, तर ही सगळी हरणं मारावी लागतील.

"उरलेल्या दोन वनस्पती तरी वाचतील, बाबा," ती हलकेच म्हणाली.

बाबांनी लाल पेन उघडलं. पान वाचलं. एकही चूक नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं.