दर रविवारी नव्वदच्या खाली

"गुन्हेगार मला बघून घाबरत नाहीत, दाजी. ते मला बघतच नाहीत, आणि तिथेच फसतात," असं दादा म्हणायचे. स्वतःची ओळख करून द्यायला त्यांना एवढं कधी पुरत नसे. पुढे ते सांगत, की आपली नजर घारीची आहे, कान सशाचे आहेत आणि स्मरणशक्ती हत्तीची आहे. एका माणसात इतके प्राणी कसे मावतात, हे दाजींनी कधी विचारलं नाही. दादा त्यांच्या बायकोचे थोरले भाऊ. बायको गेली आणि तिचा भाऊ वारसाहक्काने दाजींकडे आला.

दादा तीस वर्षं वजनमाप निरीक्षक होते. दुकानांतले नऊशेच्या वर तराजू त्यांनी पकडले आणि त्यांतला एकही पळून गेला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'खासगी गुप्तहेर' अशी कार्डं छापून घेतली. कार्डावर स्वतःचा फोटो टाकला.

"गुप्तहेराचा फोटो?" दाजींनी एकदा विचारलं.

"नाहीतर लोकांना कळणार कसं?" दादा म्हणाले.

या वेळची केस घरचीच होती. दाजींच्या घरामागच्या फरशीवर मांस भाजायचं, झाकणाचं एक स्मार्ट पेलेट ग्रिल उभं होतं. स्मार्ट म्हणजे असं, की बाजूच्या पेटीत लाकडाच्या भुशाच्या गोळ्या ओतायच्या आणि फोनवर तापमान सांगायचं. मग ते आपलं आपण गोळ्या आत ढकलतं, पंखा फिरवतं, आणि काही बिनसलं तर फोनवर बोंब मारतं. बायकोने ते आजारी पडायच्या आदल्या वर्षी हट्टाने घेतलं होतं. ती गेल्याला आठ महिने झाले होते. घरात आपणहून आवाज करणारं आता तेवढंच उरलं होतं, म्हणून दाजी दर रविवारी ते पेटवत.

आणि दर रविवारी ते बोंब मारी. तापमान एकशे दहावर लावलेलं, सगळं सुरळीत, आणि अचानक नव्वदच्या खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. दुपारचं जेवण चार वाजता होई आणि तेही अर्धं कच्चं. त्यात तेच अॅप मुलीच्याही फोनवर होतं. मुलगी परिचारिका.

"बाबा, माझ्या वॉर्डात आधीच अकरा यंत्रं किंचाळत असतात," ती म्हणाली. "त्यात बारावं तुमचं मटण. मला वाटतं तुम्हालाच काही झालं. घरात तुम्ही एकटे, त्यात धूर, त्यात विस्तव. या रविवारी पुन्हा वाजलं ना, तर आम्ही ते घेऊन जाणार. यांच्या मित्राला हवंच आहे."

"तुझ्या आईचं आहे ते."

"म्हणून तर घेऊन जाणार म्हणते. नाहीतर फेकून द्या म्हटलं असतं."

दाजींनी फोन ठेवला आणि दादांना स्वतःहून बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदाच. यावरून त्यांची अवस्था समजावी.

रविवारी दाजींनी सहा वाजता ग्रिल पेटवून मटणाची मांडी आत ठेवली. मधोमध तापमान मोजायचा काटा खुपसला. आतलं मांस त्र्याण्णववर गेलं की झालं. दादा नऊला हजर झाले. खिशात भिंग, मोजपट्टी आणि एक छोटा तराजू.

"घटनास्थळी तुम्ही यायचं नाही," त्यांनी हुकूम सोडला. "ठसे पुसले जातात. तुम्ही स्वयंपाकघरात फोन घेऊन बसा आणि नोंदी करा. तेवढं जमेल ना?"

जमणार होतं. दाजी छत्तीस वर्षं साबणाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. वेळ, तापमान, कोण आलं, कोण गेलं, एवढं वहीत लिहायचं आणि आपलं मत लिहायचं नाही, ही त्यांची सवय. फोनवर सूचना आली तरी ते वरचा आकडा तेवढा बघत. खालची अक्षरं वाचत नसत. बॉयलरच्या पाटीवर काय वाटेल ते लिहिलेलं असे. खरा फक्त काटा.

पहिल्या तासाची नोंद अशी झाली :

*९.१८ दादा मागे गेले. ९.२० तापमान ८४. ९.२४ दादा आत आले. पाणी मागितलं. बाहीला मसाला.*

"काय दिसलं?" दाजींनी विचारलं.

"पाऊल!" दादा ओठ पुसत म्हणाले. "ताजं. चपलेचं. टाचेकडे झिजलेली. माणूस वजनदार आहे, चालताना उजवीकडे झुकतो, आणि स्वतःला फार शहाणा समजतो."

दाजींनी दादांच्या चपलेकडे पाहिलं. टाच झिजलेली होती. पण बॉयलर तपासायला साहेब आले, की त्यांच्यावर संशय घ्यायचा नसतो. दाजींनी फक्त लिहिलं : *पाऊल सापडलं.*

मग कुंपणापलीकडच्या दंतवैद्यबाईंची चौकशी झाली. बाई खुर्चीत वाचत बसल्या होत्या.

"तुमचा कुत्रा वीस मिनिटांपूर्वी कुठे होता?" दादांनी कुंपणावरून विचारलं.

"माझ्या मांडीवर."

"साक्षीदार?"

"मांडी."

"हाडं वगैरे खातो का?"

"चौदा वर्षांचा आहे. दात नाहीत त्याला."

दादा आत येऊन हळू आवाजात म्हणाले, "दंतवैद्याच्या कुत्र्याला दात नाहीत. दाजी, इथे काहीतरी शिजतंय."

"शिजत नाहीये, हीच तर तक्रार आहे," दाजी म्हणाले.

*१०.०५ दादा मागे. १०.०६ तापमान ८१. १०.११ दादा आत. ढेकर.*

या खेपेला गोळ्यांवर संशय होता. दादांनी मूठभर गोळ्या तराजूत टाकल्या, डोळे बारीक केले आणि जाहीर केलं, की वजन बरोबर आहे. "तीस वर्षांत मी बरोबर वजन पाहिलेलं नाही! एवढा प्रामाणिकपणा कोण उगाच करेल?" अकरा वाजता त्यांनी वाऱ्याला संशयित ठरवलं. साडेअकराला परदेशात बसलेल्या एका टोळीला, जी अॅपमध्ये शिरून दाजींचं मटण थंड करत होती.

"माझ्या मटणाशी त्यांचं काय वैर?"

"तेच शोधतोय," दादा म्हणाले आणि पुन्हा मागे गेले. दोन मिनिटांत फोन वाजला.

साडेबाराला मुलगी आणि जावई आले. जावयाने आणलेला टेम्पो दारात उभा होता, मागचा फाळका आधीच उघडलेला. मुलगी रात्रपाळी करून आली होती. तिने चप्पलही काढली नाही.

"सहा वेळा वाजलं, बाबा. सहा वेळा. बोलू नका काही, ठरलं होतं आपलं."

मांस अजून अठ्ठ्याऐंशीवर होतं. दाजींनी वही तिच्यापुढे केली. "नोंदी नीट ठेवल्यात," एवढंच म्हणाले. छत्तीस वर्षं साहेब आले की ते हेच म्हणत.

मुलीने उभ्याउभ्याच वाचायला घेतलं. रोज तापाचे तक्ते वाचणारी बाई ती. अर्ध्या पानावर थांबली. पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग खुर्ची ओढून बसली.

"मामा, तुम्ही मागे जाऊन नक्की काय करता?"

"तपास."

"झाकण उघडून?"

"न उघडता तपास कसा करणार? पुरावा आत आहे!"

"आणि पुरावा कसा लागला?"

"मीठ थोडं..." दादा थांबले. मग ताठ झाले. "हे बघ, पोरी, नमुना घ्यावाच लागतो. शास्त्र आहे ते."

"मामा, ग्रिलचा ताप तुम्ही मागे गेल्यावरच उतरतो. सहाच्या सहा वेळा. मागच्या रविवारीही तुम्ही इथेच जेवायला होतात. त्याच्या मागच्याही."

"तपास अधिकाऱ्याला संशयितांत धरत नाहीत," दादा म्हणाले. पण आवाज बसला होता.

मुलीने त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं. उठायचं नाही, हातही हलवायचा नाही. तिचे रुग्णही एवढे घाबरत नसावेत. चाळीस मिनिटं फोन गप्प राहिला. काटा शांतपणे चढत गेला आणि मांस त्र्याण्णववर आलं. जावई दारातून म्हणाला, "मग, भरायचं ना टेम्पोत?"

"टेम्पो रिकामा जाऊ दे," मुलगी म्हणाली. "फारच वाटलं तर मामांना भरा."

मग ती दाजींचा फोन घेऊन तो अलार्म बंद करायला बसली. बोट स्क्रीनवर खाली ओढलं, तसा आकड्याखालचा मजकूर उघडला. तिने फोन दाजींपुढे धरला.

"बाबा, हे वाचलंत कधी?"

"आकडा वाचतो की."

"त्याच्याखाली. अलार्मला नाव देता येतं यात. आईने दिलंय."

दाजींनी चष्मा लावला. लिहिलं होतं : *दादा झाकणाशी. ओरडा.*

दाजींना आठवलं, ती रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोठ्यांदा "दादा!" अशी हाक मारायची. बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता त्यांना वाटायचं, भावाला चहाला बोलावतेय.

"म्हणजे तिला माहीत होतं?" दादांनी हळूच विचारलं.

"हो, मामा."

दादांनी भिंग खिशात ठेवलं. "पहिल्यापासून हुशार होती," ते म्हणाले. "माझ्याकडूनच शिकली."

"तुझ्याही फोनवर हे येत होतं ना?" दाजींनी मुलीला विचारलं.

"वॉर्डात उघडून वाचायला वेळ कुठे असतो? वाजलं की तुम्हाला फोन लावायचा, एवढंच." मुलीने डोळे पुसले. "काढून टाकू हा अलार्म? आता गरज नाही."

"राहू दे," दाजी म्हणाले.

दोन वाजता सगळे जेवायला बसले. मटण इतकं मऊ झालं होतं, की जावयाने मित्राला 'ग्रिल मिळणार नाही' असा निरोप एका हाताने पाठवला. निम्मं मांस ग्रिलवरच गरम ठेवलं होतं. बोलता बोलता फोन वाजला. सगळ्यांनी टेबलाभोवती पाहिलं. एक खुर्ची रिकामी होती.

दाजी उठले. आठ महिन्यांत या घरात त्यांनी आवाज चढवला नव्हता, चढवायला समोर कोणी नव्हतं. ते खिडकीपाशी गेले, कुंपणापलीकडचा कुत्रा जागा होईल इतक्या जोरात ओरडले, "दादा! झाकण!"

मागे धाडकन झाकण पडलं.

मग त्यांनी वही ओढली आणि लिहिलं : *२.१० तापमान ८६. ओरडलो. झाकण बंद.*