शिकायला निघालेले गावंडे सर

नोटीस बोर्डावर प्रशिक्षणाचं पत्रक लागलं, की गावंडे सर आधी त्याखाली सही करत आणि मग ते वाचत. एकदा अशीच सही करून बसले आणि ब्यूटी पार्लरच्या निदेशिकांबरोबर तीन दिवस फेशियल शिकून आले. सर टर्नरचे निदेशक. सगळं आयुष्य लेथवर लोखंड कातण्यात गेलेलं. मी विचारलं, "सर, पहिल्याच दिवशी परत का नाही आलात?"

"बाप्पा, त्या बाया म्हणाल्या, काका, तुमचा हात हलका आहे. असं कोणी म्हटल्यावर उठून येता येते काय?"

आमची आयटीआय पुण्यातली, सर मूळचे अकोल्याचे. तीस वर्षं इथं काढूनही त्यांची बोली पुणेरी झाली नाही. मी वायरमनचा वर्ग घ्यायचो; आमची टेबलं शेजारी. आम्हां बाकीच्यांना प्रशिक्षण म्हणजे शिक्षाच. पत्रक आलं की कुणाची पाठ धरायची, कुणाच्या सासूचं ऑपरेशन निघायचं. सर मात्र नव्या वहीला खाकी कव्हर घालून निघायचे, थेट पहिल्या बाकावर.

प्राचार्य एकदा म्हणाले, "गावंडे, आपली नेमणूक शिकवायला झालीय की शिकायला?"

"शिकवायलाच, साहेब. पण मले जे येते ते आता कारखान्यात चालत नाही."

प्राचार्यांनी चहा मागवला.

सर म्हणत होते ते खरंच होतं. भोसरी-चिंचवडला संगणकावर चालणाऱ्या लेथ आल्या होत्या. सीएनसी म्हणायचे त्यांना. आकडे भरायचे, बटण दाबायचं; पुढचं कातकाम मशीन आपलं आपण करतं. आमच्याकडेही एक आली, पण तिला लागेल एवढी वीज वर्कशॉपला नव्हती. ती ताडपत्रीखालीच राहिली. सीएनसीचं प्रशिक्षण सरांनी चार वेळा घेतलं. चौथ्या वेळी तिथला तरुण इंजिनियर म्हणाला, "अंकल, कोर्स सेमच आहे. परत कशाला?"

"सेम कुठं? मागल्या वेळी माझ्या तीन चुका झाल्या. यंदा दोन करतो."

हा किस्सा स्टाफरूममध्ये आठवडाभर पुरला. हसणाऱ्यांत मीही होतो.

मग सर निवृत्त झाले. पुढं एका रविवारी स्वारगेटच्या स्टँडवर दिसले, काखेत भलामोठा घडीचा पुठ्ठा. म्हणाले, "रिकामा आहेस ना? चाल कात्रजला, भोसलेच्या घरी."

बसमध्ये म्हणाले, "भोसले माझ्या पहिल्या बॅचचा. मी त्याले सांगितलं होतं, लेथ शिक, जन्मभर पोट भरेल. त्याच्या कारखान्यात सीएनसी आल्या आन् बेचाळिसाव्या वर्षी त्याले घरी बसवलं. खोटंच सांगितलं ना मी?"

मी दोघांची तिकिटं काढली.

भोसल्यांच्या घरी सरांनी पुठ्ठा सतरंजीवर उलगडला. त्यावर सीएनसीचं अख्खं पॅनेल काढलेलं होतं, एकेक बटण रंगवून. पन्नाशीला टेकलेले भोसले मांडी घालून बसले आणि सर सांगतील तसं पुठ्ठ्यावर बोट दाबू लागले. सर नोकरीत असल्यापासून इथं येत होते आणि जे विसरत, ते पुन्हा प्रशिक्षणाला जाऊन घेऊन येत, हे मला तेव्हा कळलं.

तासाभरानं सर पाणी प्यायला आत गेले. मी विचारलं, "मग, अर्ज केलात का कुठं?"

भोसल्यांनी आत एक नजर टाकली. "नाही हो. दारातली रिक्षा माझीच आहे. पाच वर्षं चालवतोय, बरं चाललंय. सरांना सांगितलंय, भावाची आहे."

"अहो, पण का?"

"कळलं तर यायचे थांबतील. सरांच्या मिसेस गेल्यापासून त्यांना रविवारी जायला दुसरं घर नाही."

सर मिशा पुसत बाहेर आले. "काय भोसले, झालं का सगळं पाठ?"

भोसल्यांनी कोपऱ्यातल्या एका बटणावर बोट ठेवलं. "हे काही डोक्यात शिरत नाही, सर. पुढच्या रविवारी परत सांगाल?"

"सांगतो ना. घाई कायची?" सरांनी पुठ्ठ्याची घडी घालायला घेतली, मग थांबले. तो तसाच उघडा उचलून त्यांनी भोसल्यांच्या भिंतीला नीट टेकवून ठेवला.

"मग हा आता इथंच राहू दे," ते म्हणाले.