चारशे बाराचा बॅकअप

लॉर्न हॅवरस्टॉकने हिशोब नीट मांडून ठेवला होता. साडेपाच वर्षांत त्याने वूलग्राफसाठी एकसष्ट दुरुस्त्या केल्या होत्या, सगळ्या फुकट, सगळ्या घरकामातून वेळ चोरून. वूलग्राफ म्हणजे स्वेटरच्या विणीची नक्षी चौकटीत आखून देणारा संगणकाचा प्रोग्रॅम. त्याला मालक नाही. ज्याला येतं त्याने सुधारावा, ज्याला हवा त्याने वापरावा. मात्र कुणाची सुधारणा आत घ्यायची आणि कुणाची नाही, हे ठरवायची किल्ली तिघांकडेच होती, आणि चौथी किल्ली शनिवारच्या सभेत मताला येणार होती. तिने पगार वाढणार नव्हता. विनिपेगमध्ये कुणी वळून बघणार नव्हतं. बायको म्हणाली होती, "किल्ली मिळाली की आधी गॅरेजचं दार नीट कर." तरीही जगातली चाळीस हजार माणसं ज्या चौकटीत टाके मोजतात, तिच्यात आपल्याला कुणाला न विचारता हात घालता येईल, या कल्पनेनेच लॉर्न मोहरून जात असे.

म्हणून बासष्टावी दुरुस्ती त्याने मुद्दाम बिनधोक निवडली. दर रविवारी सर्व्हरकडून सगळ्यांना ई-मेलने पत्र यायचं: बॅकअप झाला, आकार इतका. आकाराचा रकाना अरुंद होता. आकडा मावायचा, पुढचं माप कापलं जायचं. त्यामुळे नुसतं '४१२' दिसायचं आणि जो तो मनातल्या मनात पुढे मेगाबाइट लावून घ्यायचा. लॉर्नने रकाना रुंद केला. दहा मिनिटांचं काम. त्यात कुणाचं काही बिघडण्यासारखं नव्हतं.

रविवारी पत्र आलं: '४१२ बाइट'.

चारशे बारा बाइट म्हणजे वाण्याच्या यादीएवढा मजकूर. आणि बॅकअप कशाचा, तर सतरा वर्षांच्या चर्चेचा. प्रोग्रॅमच्या प्रती शेकडो लोकांच्या संगणकांवर होत्या, त्याची चिंता नव्हती. पण अमका टाका असाच का दाखवायचा, कुणी काय सुचवलं, कुणी कुणाशी तीन महिने वाद घातला आणि शेवटी कोण बरोबर निघालं, हे सगळं एकाच यंत्रात होतं. ते यंत्र गिमली गावच्या कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या खेळाच्या क्लबात, बर्फ जमवायच्या यंत्रांच्या खोलीत, एका फळीवर बसलेलं असे, कारण तिथे वीज फुकट होती. आता हंगाम संपून क्लबाची डागडुजी निघाली होती आणि ती फळी रिकामी करून हवी होती.

लॉर्नने डेझमंड ओकिमॉला फोन लावला. सर्व्हर डेझमंड सांभाळायचा. तिघांतली एक किल्ली त्याची.

"डेझमंड, चारशे बारा बाइट आहेत रे."

"पाहिलं. गेल्या रविवारपर्यंत ठीक होतं. काय केलंस तू?"

"रकाना रुंद केला."

"मग झालं तर. बॅकअप आटला."

"अरे, रकाना रुंद केला म्हणून बॅकअप कसा आटेल?"

"ते तू शोधायचंस. चार वर्षं बघतोय, दर रविवारी चारशे बारा. एकदासुद्धा इकडचं तिकडे नाही. असा भरवशाचा बॅकअप मी दुसरा बघितलेला नाही."

चर्चा दर आठवड्याला वाढते, मग आकडा तोच कसा, हे लॉर्नच्या जिभेवर आलं होतं. त्याने सौम्यपणे एवढंच विचारलं, "ती फाइल एकदा उघडून बघतोस का?"

"आकडा येतोय ना? मग फाइल आहे."

संध्याकाळपर्यंत चर्चेत नवा विषय उघडला गेला: 'लॉर्नने बॅकअप बिघडवला'. मंगळवारपर्यंत त्याखाली एकशे त्रेचाळीस उत्तरं जमली. ही मंडळी सभ्य. कुणी आवाज चढवला नाही. ओरेगॉनच्या एका गृहस्थाने लिहिलं, की लॉर्नच्या हेतूबद्दल शंका नाही, फक्त त्याच्या कामाबद्दल आहे. नॉर्वेतल्या बाईंनी रकाना रुंद असावा की नसावा यावर आठ मुद्दे मांडले. तिथून गाडी आकडे डावीकडून लावावेत की उजवीकडून यावर गेली आणि तिथेच दोन दिवस रुतली. फाइल कुणी उघडली नाही. आणि हा सगळा वाद त्याच यंत्रात साठत होता, ज्याचा बॅकअप नव्हता.

बुधवारी गुड्रून एयोल्फसनबाईंचा फोन आला. वूलग्राफ त्यांनीच सुरू केलेला. अडुसष्ट वर्षांच्या, राहणार गिमली. जिभेला लगाम नाही, पण मायाही तेवढीच.

"अरे लॉर्न, चूक कुणाच्या हातून होत नाही? आधी होतं तसं करून टाक बाबा."

"गुड्रूनबाई, मला वाटतं आधीचंच चुकीचं होतं."

"असेल. पण शनिवारी सभा आहे, आणि किल्लीसाठी कागदावर तुझं एकट्याचंच नाव आहे."

या एका वाक्याने लॉर्नचं संशोधन संपलं. आधी किल्ली, मग सत्य, असा क्रम त्याने स्वतःला पटवला. रकाना पुन्हा अरुंद केला, चर्चेतल्या त्या विषयाखाली 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' असंही लिहिलं. गुरुवारी डेझमंडने बॅकअप मुद्दाम पुन्हा चालवला. '४१२'. एकतीस लोकांनी अंगठे वर करून आनंद व्यक्त केला. गुड्रूनबाईंनी क्लबाला कळवलं, की आमची प्रत सुखरूप आहे, यंत्र फळीवरून खुशाल उतरवा.

शुक्रवारी सकाळी कामगारांनी यंत्र उतरवून जमिनीवर ठेवलं आणि बर्फाखालच्या नळ्या रिकाम्या करायला घेतल्या. त्या नळ्यांतून खारं पाणी फिरत असतं. ते पायाच्या घोट्याइतकं साचलं. यंत्र दुपारपर्यंत त्यात कैरीसारखं मुरत पडलं.

शनिवारी सभा क्लबाच्या वरच्या मजल्यावर भरली. कॉफी होती, सुक्या आलुबुखाऱ्याचा सात थरांचा केक होता. खालची बातमी वर आली तेव्हाही कुणी घाबरलं नाही. डेझमंडने केकचा तुकडा संपवला, बोटं पुसली आणि बॅकअपची फाइल जन्मात पहिल्यांदा उघडली. आत एक निरोप होता. त्याने तो मोठ्याने वाचला. मतलब असा, की परवानगी नसल्यामुळे माहितीचा कप्पा उघडता आलेला नाही, तरी कृपया सर्व्हर सांभाळणाऱ्याशी संपर्क साधावा.

"सर्व्हर सांभाळणारा मीच आहे," डेझमंड म्हणाला.

चार वर्षं, दर रविवारी, न चुकता, त्या निरोपाचा बॅकअप होत होता.

गुड्रूनबाईंनी उरलेला केक झाकून ठेवला, आणि सगळ्यांना भीती वाटली ती त्याचीच. लॉर्नने आपली बशी बाजूला सारली. बुधवारी तो आपल्या म्हणण्यावर अडून बसला असता तर फळीवरचं यंत्र आज फळीवरच असतं. सतरा वर्षं एका पारड्यात आणि एक किल्ली दुसऱ्यात, आणि त्याने वजन कुठे टाकलं होतं हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

तेवढ्यात बाईंच्या फोनवर पत्र आलं. पाठवणार ऑर्फा वीब, स्टाइनबाख. नाव कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. बाईंनी वाचून दाखवलं: 'कालपासून तुमच्यापैकी कुणीही भांडलेलं नाही. सगळे बरे आहात ना?'

रविवारी दुपारी तिघं डेझमंडच्या गाडीतून स्टाइनबाखला निघाली. वाटेत डेझमंड रस्त्याकडे बघत म्हणाला, "लॉर्न, तुझं बरोबर होतं रे." गुड्रूनबाईही मागून "होतंच" म्हणाल्या. लॉर्नने बुधवारचं सांगायला तोंड उघडलं आणि खिडकीची काच खाली केली.

वीबबाई ऐंशीच्या आसपासच्या. त्यांनी आधी सगळ्यांना बन खायला घातले, मग शिवणाच्या खोलीत नेलं. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी नातीच्या हातमोज्यावर बदाम कसा काढायचा एवढाच प्रश्न चर्चेत विचारला होता. तेव्हापासून प्रत्येकाचं प्रत्येक उत्तर त्यांना ई-मेलने येत राहिलं. ते कसं थांबवायचं हे त्यांना कळलं नाही.

"आणि माणसाने एवढं लिहून पाठवलं, ते टाकायचं कसं?" त्या म्हणाल्या. "आधीची तीन वर्षं तेवढी नव्हती. मग मी विचारल्यावर एका भल्या माणसाने तीही पाठवली."

त्यांनी संगणकाचा पडदा उजळला. अठ्ठावन्न हजार पत्रं. तारखेने लावलेली, विषयाने बांधलेली, प्रत्येक गठ्ठ्याला नाव: 'बाही', 'गळा', 'डेझमंड आजारी होता ते', 'विनाकारण'. लॉर्न वाचत खाली खाली जात राहिला आणि तळ येईना. त्याच्या एकसष्टही दुरुस्त्या तिथे होत्या, पहिल्या दिवसाची भीतभीत लिहिलेली ओळसुद्धा. देवळात शिरल्यावर माणूस नकळत आवाज खाली आणतो, तसं तिघांचं झालं. डेझमंडने तर डोक्यावरची टोपी काढली.

"याची दुसरी प्रत आहे?" त्याने कुजबुजत विचारलं.

"एक मुलीकडे आल्टोनाला, एक पेनड्राइव्हवर, पिठाच्या डब्यात. दर महिन्याला कुठलीही पंचवीस काढून वाचते."

"का?"

"वाचल्याशिवाय ती आहेत हे कसं कळणार?" वीबबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हा माणूस पोटापाण्यासाठी काय करतो, असा प्रश्न त्यांना पडला असावा.

सहा आठवड्यांत सगळी चर्चा पुन्हा उभी राहिली. राहून गेलेलं मत घ्यायला सभा पुन्हा भरली आणि चौथी किल्ली एकमताने वीबबाईंना गेली. पहिला हात लॉर्ननेच वर केला. त्याआधी उभं राहून बुधवारचंही सांगून टाकलं. सगळे सभ्यपणे कॉफी ढवळत राहिले.

आता या सगळ्याची किंमत कुणी काय मोजली ते. क्लबाने काही नाही. डेझमंडने बॅकअपचं काम वीबबाईंकडे सोपवलं आणि तो पूर्वीपेक्षा गाढ झोपतो. अपशब्द असलेली तीनशे बारा पत्रं वीबबाईंनी त्या त्या दिवशीच काढून टाकली होती. त्यांतली दोनशे नऊ गुड्रूनबाईंची होती आणि बाईंच्या मते प्रोग्रॅमची खरी अक्कल त्यांतच होती. 'लॉर्नने बॅकअप बिघडवला' हा विषय मात्र एकशे त्रेचाळीस उत्तरांसकट जशाच्या तसा परत आला, कारण त्यात कुणी एक वावगा शब्द वापरलेला नव्हता. सगळ्यात खाली लॉर्नचं स्वतःचं 'क्षमस्व' आहे. डेझमंडने गाडीत जे म्हटलं, ते गाडीतच राहिलं.

लॉर्नने वीबबाईंना विचारून पाहिलं, तेवढा एक विषय गाळता येईल का.

"आलं ते ठेवलं," वीबबाई म्हणाल्या. "त्या डेझमंडला सांग लिहून पाठवायला. तेही ठेवीन."

डेझमंड म्हणतो, सवड झाली की लिहितो.